अवेळी पडणारी कडाक्याची थंडी आणि पिकांचे संरक्षण

विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे हवामान थंड होत जाते, हा नियम शालेय भूगोलात शिकविला जातो. नियम खोटा नाही. परंतु केवळ त्याच्या भरवशावर शेती करता येत नाही. ठाणे जिल्ह्यातून पुढे वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि नाशिक जिल्ह्यातील निफाड ही दोन गावे जवळजवळ एकाच, म्हणजे सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. दोहोंमधील सरळ अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर चिकूच्या वाड्या बाराही महिने हिरव्यागार असतात आणि ऐन जानेवारीतही पहाटेचे तापमान सर्वसाधारणपणे १५ अंश सेल्सिअसच्या खाली क्वचितच जाते. निफाडला मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पारा ५ अंशांच्या खाली गेल्याचे अनेकदा अनुभवास आले आहे. अशा रात्री द्राक्षबागाईतदार जागा असतो, कारण वर्षभराच्या खर्चाचा आणि श्रमांचा परतावा त्या वेळी वेलीवर लटकत असतो.

अक्षांश एक, हवामान निराळे आणि नुकसान एका रात्रीचे, असा हा प्रकार आहे. तो कसा घडतो, जगातील इतर फळबागांच्या प्रदेशांत त्याचे काय अनुभव आले आणि आपल्या शेतकऱ्याने त्यापासून कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अक्षांश काय सांगतो आणि काय सांगत नाही

अक्षांशावरून सूर्यकिरण किती तिरपे पडतात आणि दिवस किती तासांचा असतो, एवढेच निश्चितपणे कळते. जमिनीला किती उष्णता मिळेल याचा तो एक अंदाज होय. मिळालेली उष्णता किती टिकेल आणि दुसरीकडून थंड हवा येऊन मिसळेल की नाही, हे अक्षांश सांगू शकत नाही. त्या गोष्टी मुख्यतः चार कारणांवर अवलंबून असतात.

पहिले कारण समुद्राचे सान्निध्य. कोरड्या मातीच्या मानाने पाणी तापविण्यास सुमारे पाचपट उष्णता लागते आणि निवतानाही ते तितकीच उष्णता परत देते. त्यामुळे किनाऱ्यावरील हवा ना फार तापत, ना फार निवत. शिवाय समुद्रावरील दमट हवा रात्री जमिनीची उष्णता पूर्णपणे निसटू देत नाही.

दुसरे कारण उंची. समुद्रसपाटीपासून दर १०० मीटर उंचीस तापमान सरासरी ०.६ अंशाने उतरते. निफाड सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, म्हणून केवळ उंचीमुळेच ते डहाणूपेक्षा तीन ते साडेतीन अंशांनी थंड असावयास हवे. दक्षिणेकडील उदाहरण याहून बोलके आहे. उटकमंड आणि कोझिकोड ही दोन्ही ठिकाणे सुमारे ११ अंश अक्षांशावर आहेत. कोझिकोडच्या नारळाला थंडी म्हणजे काय हे ठाऊक नाही. तर २,२०० मीटरहून अधिक उंचीवरील उटकमंडच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत गवतावर पांढरे हिमकण दिसतात आणि निलगिरीतील चहाचे कोवळे शेंडे करपतात.

तिसरे कारण वारे आणि त्यांना अडविणारे पर्वत. दिल्ली आणि अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा मध्यभाग ही दोन्ही ठिकाणे २८ ते २९ अंशांच्या पट्ट्यात येतात. मध्य आशियातील गोठलेली हवा आणि उत्तर भारत यांच्यामध्ये हिमालय भिंतीसारखा उभा आहे. अमेरिकेत अशी पूर्व-पश्चिम भिंत नाही. तेथील पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेले असल्याने ध्रुवाकडील हवा मैदानातून थेट दक्षिणेस उतरते. म्हणूनच समुद्राने वेढलेल्या फ्लोरिडातही संत्र्याच्या बागा गोठून गेल्या आहेत. डिसेंबर १९८३, जानेवारी १९८५ आणि डिसेंबर १९८९ मधील कडाक्यानंतर तेथील बागाईतदारांना आपली लागवड आणखी दक्षिणेकडे हलवावी लागली. दक्षिण अमेरिकेतही हीच गोष्ट घडते. ब्राझीलमधील पराना राज्याचा कॉफीचा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस जितका दूर आहे, जवळजवळ तितकेच आपले भोपाळ उत्तरेस आहे. तेथे जुलै हा हिवाळ्याचा महिना. १८ जुलै १९७५ रोजी दक्षिणेकडून आलेल्या थंड लाटेने परानातील कॉफीची झाडे एका दिवसात काळी पडली आणि पुढील वर्षी त्या राज्यात कॉफीचे पीक जवळजवळ आलेच नाही. हा तडाखा उष्ण कटिबंधाच्या उंबरठ्यावरील होता. जुलै २०२१ मध्ये त्याच देशाच्या मिनास जेराईस राज्यातील कॉफीस पुन्हा तसाच फटका बसला. त्या राज्याचा दक्षिण भाग आपल्या नागपूरइतकाच विषुववृत्तापासून दूर आहे.

चौथे कारण जमिनीचा चढउतार. एकाच गावातील माळ आणि लवण यांच्या पहाटेच्या तापमानात कित्येक अंशांचा फरक पडतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण उरलेल्या तीन कारणांवर त्याचा काही इलाज चालत नाही. त्याचे विवेचन पुढे केले आहे.

सौम्य हिवाळ्यातील धोका

ज्या प्रदेशात अतिशय थंडी पडते तेथेच पिकांचे अधिक नुकसान होत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे नाही. फ्रान्समधील बोर्दो हा द्राक्षांचा प्रदेश आणि अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहर ही दोन्ही सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मिनिॲपोलिसला जानेवारीचे सरासरी तापमान उणे ९ अंशांच्या जवळपास असते. बोर्दोला ते शून्याच्या वर ६ ते ७ अंश असते, कारण अटलांटिक महासागरावरून येणारे पश्चिमी वारे तेथील हिवाळा सौम्य ठेवतात. अक्षांशाच्या मानाने मिळालेली ही सवलतच होय. परंतु या सवलतीची एक किंमत आहे. हिवाळा सौम्य असल्यामुळे वेली आणि फळझाडे लवकर जागी होतात, मार्चच्या अखेरीस डोळे फुटू लागतात. उत्तरेकडील थंड हवा मात्र एप्रिल-मेपर्यंत आपले येणे बंद करीत नाही.

झोपलेले झाड आणि जागे झालेले झाड यांच्या सहनशक्तीत फार मोठे अंतर असते. सफरचंदाचे झाड पूर्ण सुप्तावस्थेत उणे २० अंशांची थंडीही सोसते. डोळ्यांची टोके रुपेरी दिसू लागली की उणे ९ अंशांच्या आसपास त्यांना इजा होण्यास प्रारंभ होतो. झाड पूर्ण फुलावर आले म्हणजे उणे २ अंशांस सुमारे दहावा हिस्सा फुले मरतात आणि उणे ४ अंशांस दहांपैकी नऊ फुले नष्ट होतात. तेच झाड, तीच जमीन. केवळ दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने त्याची शक्ती इतकी घटते. म्हणून जानेवारीतील उणे १० अंशांपेक्षा एप्रिलमधील उणे ३ अंश अधिक घातक ठरतात.

याचा प्रत्यय अलीकडेच आला. मार्च २०२१ च्या अखेरीस फ्रान्समध्ये असाधारण उष्मा झाला आणि वेलींना कोवळी फूट आली. त्यानंतर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, विशेषतः ५ ते ८ एप्रिलच्या रात्री, तापमान काही ठिकाणी उणे ५ अंशांपर्यंत उतरले. शेतकऱ्यांनी रात्रभर बागांमधून मेणबत्त्या व शेगड्या पेटविल्या. तरीही द्राक्षे, जर्दाळू आणि इतर फळांची अतोनात हानी झाली. त्या वर्षी फ्रान्समधील मद्याचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक पंचमांशाने घटले. अमेरिकेच्या पूर्व भागात एप्रिल २००७ मध्ये याच क्रमाने घटना घडल्या. उबदार मार्च, लवकर आलेली पालवी, आणि ४ ते १० एप्रिलच्या दरम्यान आलेला कडाका. गहू, सफरचंद व पीच यांच्या नुकसानीचा अंदाज दोन अब्ज डॉलर्सच्या घरात गेला.

याहून जुना दाखला फ्लोरिडाचा आहे. डिसेंबर १८९४ च्या अखेरीस आलेल्या कडाक्याने संत्र्याची फळे आणि पाने गेली, पण झाडे वाचली. जानेवारी उबदार गेला, झाडांत रस चढला, नवी पालवी आली आणि बागाईतदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ७ व ८ फेब्रुवारी १८९५ रोजी दुसरा कडाका आला तेव्हा रसाने भरलेल्या साली फुटल्या आणि झाडे बुंध्यापर्यंत मेली. पहिल्या थंडीत तगलेले झाड दुसऱ्या थंडीत मेले, कारण मधल्या काळात ते जागे झाले होते.

मध्य युरोपातील शेतकऱ्यांनी हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला आहे. ११ ते १३ मे या दिवसांना तेथे ‘हिमसंत’ म्हणतात. त्या तिथींच्या संतांवरून हे नाव पडले असून ते दिवस उलटल्याशिवाय नाजूक रोपे उघड्यावर लावू नयेत असा परिपाठ आहे. आपल्याकडे नक्षत्रांवरून पेरणी ठरते, तसाच हा प्रकार. परंतु असे ठोकताळे सरासरीवर बसविलेले असतात, आणि अलीकडे वसंतातील उष्मा लवकर येऊ लागल्यामुळे त्यांचा आधार कमी झाला आहे. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ च्या घटनेची तपासणी केली. हवा तापल्यामुळे एप्रिलमधील थंडी स्वतः थोडी सौम्य झाली असली, तरी वेली त्याहूनही लवकर फुटू लागल्याने कोवळ्या फुटीवर अशी थंडी पडण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, असा निष्कर्ष त्यातून निघाला. उष्मा वाढला म्हणजे थंडीची भीती गेली, असे समजणे चुकीचे आहे.

रात्री शेतात काय घडते

पिकाला इजा करणारी थंडी दोन प्रकारांनी येते. एक वाऱ्याबरोबर येणारी थंड लाट. तीत सर्व शिवार सारखेच निवते आणि तिच्यावर उपाय थोडे. दुसरी शांत, निरभ्र रात्रीची थंडी. आपल्याकडील बहुतेक नुकसान या दुसऱ्या प्रकाराने होते, आणि पुष्कळदा उत्तरेकडील थंड वारा थांबल्यानंतरच्या एक-दोन रात्री ती येते.

दिवसा जमीन सूर्याची उष्णता साठविते आणि रात्री ती आकाशाकडे सोडून देते. आकाशात ढग असतील तर ते पांघरुणासारखे काम करतात. वारा असेल तर वरची उबदार हवा खालच्या हवेत मिसळत राहते. दमट हवेत दहिवर पडतानाही थोडी उष्णता सुटते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जमिनीलगतची हवा झपाट्याने निवते. अशा वेळी दहा-पंधरा मीटर उंचीवरील हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा कित्येक अंश उबदार असते. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसून सूर्योदयाच्या सुमारास असते.

वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीत ठेवलेला असतो. शांत रात्री गवताच्या पात्यावरील तापमान त्याहून तीन ते पाच अंशांनी कमी असू शकते. म्हणून वेधशाळेचा आकडा ४ अंश असतानाही शेतातील पानावर दहिवर गोठलेले आढळते. यात वेधशाळेची चूक नाही. ती हवेचे तापमान सांगते, पानाचे नव्हे.

थंड हवा उबदार हवेपेक्षा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि नाल्याकाठी, लवणात, दाट कुंपणाच्या किंवा उंच बांधाच्या वरच्या अंगास साचते. महाबळेश्वरचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात काही हिवाळ्यांत दहिवर गोठते, गवतावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. त्याच पहाटे गावातील वेधशाळेत मात्र पारा शून्याच्या बराच वर असतो. अंतर दोन-चार किलोमीटरांचे. पण हवा खाली उतरून तेथे साचली, एवढेच त्याचे कारण. सातपुड्यातील तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरातही उंची व खोलगट भूरचना यांच्या संयोगाने दहिवर गोठते. निफाडचा विचार केला तर गोदावरी आणि कादवा यांच्या सखल खोऱ्यातील स्थान, समुद्रापासून दूर असलेली कोरडी हवा आणि उत्तरेकडून येणारे वारे ही तिन्ही कारणे उंचीच्या कारणात मिळतात. डहाणूशी असलेला फरक असा साधला जातो.

आपल्या भागातील पिके

आपल्याकडे युरोपासारखा वसंत नाही आणि द्राक्षवेल तेथल्यासारखी हिवाळ्यात झोपतही नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर ती फुटते, डिसेंबरात घड वाढतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत मण्यांत पाणी भरते. म्हणजे युरोपातील वेल ज्या नाजूक अवस्थेत एप्रिल-मेमध्ये असते, त्याहूनही पुढच्या अवस्थेत आपली वेल ऐन थंडीत असते. म्हणून आपल्याकडे नुकसान होण्यासाठी पारा शून्याखाली जाण्याचीही गरज नाही. तापमान १० अंशांच्या खाली उतरले की वेलीची वाढ मंदावते, फुगवण रखडते आणि काढणी लांबते. पाणी भरण्याच्या सुमारास रात्री तीव्र थंडी व दिवसा ऊन असा चढउतार झाल्यास मण्यांना तडे जाण्याचा आणि हिरव्या वाणांत गुलाबी मणी येण्याचा धोका असतो.

केळी हे उष्ण हवेचे पीक आहे. जळगाव भागात थंडीच्या दिवसांत पाने पिवळी पडतात, वाढ थांबते आणि घड बाहेर पडण्यास विलंब लागतो. हरभऱ्याची फुले गळतात व घाटे कमी धरतात. आंब्याचा मोहोर लांबतो. टोमॅटो, वांगी, मिरची आणि रोपवाटिकेतील कोवळी रोपे यांना गोठलेल्या दहिवराचा चटका त्वरित बसतो. गव्हाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याला थंडी मानवते, फुटवे चांगले येतात व दाणा भरतो. ज्या रात्री द्राक्षबागाईतदाराची झोप उडते, त्याच रात्री शेजारचा गहू सुखावतो. म्हणून ‘थंडी किती’ एवढाच प्रश्न न विचारता ‘कोणते पीक, कोणत्या अवस्थेत, कोणत्या जागी’ हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारावयास हवेत.

हंगामापूर्वी करावयाच्या गोष्टी

थंडीपासून संरक्षणाचे बहुतेक काम थंडी येण्यापूर्वीच उरकावे लागते. त्या दृष्टीने पुढील गोष्टी उपयुक्त आहेत.

१. जागेची पारख करावी. नवीन बाग लावताना नाल्याकाठचे लवण टाळून मध्यम उताराची जागा निवडावी. लवणातील जमीन भारी आणि पाण्याची सोय जवळ असल्याने ती मोहात पाडते. तेथे गव्हासारखे थंडी सोसणारे पीक घ्यावे.

२. थंड हवेस वाट द्यावी. शेताच्या खालच्या अंगास दाट कुंपण असल्यास त्यात ठिकठिकाणी मोकळी जागा ठेवावी. पाण्याचा निचरा करतो तसाच थंड हवेचाही निचरा करावयाचा असतो. उलटपक्षी, वरच्या अंगास झाडांची दाट रांग असल्यास उतारावरून येणारी थंड हवा दुसरीकडे वळते.

३. जमीन उघडी, दबलेली व ओलसर ठेवावी. अशी जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते आणि रात्री परत देते. नुकतीच नांगरलेली भुसभुशीत जमीन, माजलेले तण आणि ओळींमधील वाळलेल्या काडाचे आच्छादन यांमुळे ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही. आच्छादन ओल टिकविण्यास उत्तम आहे. परंतु कडाक्याच्या रात्री त्यावरील हवा उघड्या जमिनीवरील हवेपेक्षा अधिक निवते, हे विसरू नये.

४. थंडीच्या तोंडावर नत्राची अधिक मात्रा देऊ नये. तिच्यामुळे आलेली लुसलुशीत फूट प्रथम बळी पडते.

५. छाटणी व लागवड टप्प्याटप्प्याने करावी. सर्व बाग एकाच नाजूक अवस्थेत नसली तर एका रात्रीत सर्वस्व जात नाही.

कडाक्याच्या रात्री

थंडीची सूचना मिळताच आदल्या दिवशी पाणी द्यावे. जमिनीचा वरचा वीतभर थर ओला झाला म्हणजे तो दिवसाच्या उन्हाने तापतो. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने पहाटे दिलेले पाणीही उपयोगी पडते. रोपवाटिकेवर सायंकाळी, जमिनीची ऊब निघून जाण्यापूर्वी, पोती, काड किंवा कापडाचे आच्छादन घालावे आणि सकाळी ऊन येताच काढावे. आच्छादन पानांना टेकू देऊ नये.

शेकोट्या पेटविण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तिच्याविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. धुराचा ढग पिकावर पसरला म्हणजे तो पांघरुणाचे काम करतो, असे मानले जाते. वस्तुतः धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निसटणारी उष्णता ते अडवू शकत नाहीत. शिवाय सकाळी धूर रेंगाळला तर ऊनही उशिरा पोहोचते. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि तिच्यामुळे हवा ढवळली जाण्याचा. म्हणून ओला पालापाचोळा जाळून धूर करण्यापेक्षा कोरड्या इंधनाच्या लहान लहान शेकोट्या पुष्कळ ठिकाणी पेटवाव्यात. एकच मोठा जाळ केल्यास गरम हवा वेगाने वर निघून जाते आणि भोवतालची थंड हवा तिची जागा घेते. जाळ वेलींपासून पुरेशा अंतरावर असावा व त्याजवळ माणूस जागता असावा.

तुषार सिंचनाचा उपाय परदेशात मोठ्या प्रमाणावर योजला जातो. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडते आणि त्या उष्णतेने कळी शून्य अंशाजवळ टिकून राहते. परंतु एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे जेवढे पाणी उडून जाते, त्याच्या साडेसातपटीहून अधिक पाणी गोठले तरच लाभ होतो. सबब, हा उपाय एकदा सुरू केला की सूर्योदयानंतर बर्फ वितळेपर्यंत अखंड चालवावा लागतो. वीज जाण्याची किंवा पाणी संपण्याची शक्यता असेल तेथे तो करू नये. अर्धवट फवारा थंडी वाढवितो.

नुकसान झाल्यावर

थंडीने करपलेल्या फांद्या घाईने छाटू नयेत. बाहेरून मेलेल्या दिसणाऱ्या फांदीत कित्येकदा जीव असतो. नवी फूट येईपर्यंत थांबावे, म्हणजे जिवंत भाग कोठपर्यंत आहे हे आपोआप कळते. हलके पाणी द्यावे आणि खताचा भार टाकू नये. पंचनामा व विम्याच्या दृष्टीने नुकसानीची तारीख, क्षेत्र व पिकाची अवस्था यांची नोंद त्याच दिवशी करावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे काम

हवामान विभागाचा अंदाज आणि कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला जिल्ह्यासाठी किंवा तालुक्यासाठी असतो. तो शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आणून पोहोचविताना त्यात गावच्या जमिनीचे ज्ञान मिसळावे लागते. ते ज्ञान मिळविण्याचा मार्ग सोपा आहे. रात्रीचे किमान तापमान आपोआप नोंदविणारे तीन तापमापक घ्यावेत. एक माळावर, एक मध्यम उतारावर आणि एक लवणात, उन्हापासून आडोसा करून, पिकाच्या उंचीवर लावावा. डिसेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी आकडे वहीत उतरवावेत आणि जवळच्या वेधशाळेचा आकडा शेजारी लिहावा. एका हंगामात वेधशाळा व आपले लवण यांतील फरक हाती येतो. वेधशाळेने ७ अंश सांगितले म्हणजे आपल्या लवणात ३ अंश होणार, हे मग आदल्या सायंकाळी सांगता येते. गावातील वृद्ध शेतकऱ्यांस दहिवर कोठे प्रथम गोठते हे विचारावे. त्यांची माहिती आणि वहीतील आकडे सहसा जुळतात.

या नोंदींवरून गावच्या नकाशावर थंडीच्या जागा दाखवाव्यात आणि तो नकाशा चावडीत किंवा ग्रामपंचायतीत लावावा. पुढील बाग कोठे लावावी, याचे उत्तर त्यातून मिळेल. कडाक्याची रात्र आली तरी पाणी आणि इंधन प्रथम कोठे न्यावे, हे त्या नकाशावरून घाईच्या वेळी ठरविता येईल.

अक्षांश हा प्रदेशाचा पत्ता आहे, शेताचा नव्हे. समुद्र दूर आहे की जवळ, पर्वत आड आहे की नाही, जमीन किती उंच आहे, हे बदलणे कोणाच्या हाती नाही. परंतु आपल्या शिवारात थंड हवा कोणत्या वाटेने येते व कोठे मुक्काम करते, हे जाणणे आणि त्या रात्री पीक कोणत्या अवस्थेत असेल याचा आधीच विचार करणे प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहे. येत्या डिसेंबरपूर्वी लवणात एक तापमापक लावावा व वहीचे पहिले पान उघडावे. पुढील सर्व उपायांचा आरंभ तेथून होतो.